खर्रा-बिडी सोडल्यावरचे पहिले तीन आठवडे

पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा केला जातो, तेव्हा त्यातला चुना नुसता चवीसाठी नसतो. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्यानं रक्तात उतरतं. रोज हा पुरवठा झाला की मेंदूतले निकोटीन झेलणारे बिंदू वाढत जातात. पुरवठा तुटला की ते सगळे रिकामे राहतात. चिडचिड, अस्वस्थपणा, मोडकी झोप, वखवखल्यासारखी भूक, कामात लक्ष न लागणं हे सगळं त्यातूनच येतं.

रक्तातलं निकोटीन साधारण दर २ तासांनी निम्मं होतं. त्यामुळे सकाळी सोडलेल्याला दिवस मावळेपर्यंत त्रास जाणवू लागतो. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात कठीण. नंतर उतार लागतो आणि ३-४ आठवड्यांत बहुतेक त्रास निवतो. दुर्दैव असं, की अनेक जण तिसऱ्याच दिवशी ‘सोडल्यानं तब्येत बिघडली’ म्हणत ठेल्यावर परततात, नेमक्या उताराच्या तोंडावर. म्हणून दिवस निवडून सोडावं. रोवणीच्या किंवा कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत नको, घरात लग्न असेल त्या आठवड्यातही नको.

तलफेची एक लाट बहुधा ३ ते ५ मिनिटांची असते. वावरात निंदणाची पात अर्धी असेल, तर ती धुऱ्यापर्यंत नेताना लाट ओसरते. घोटघोट पाणी प्यावं, सावकाश दहा लांब श्वास घ्यावेत. खिशात पुडी असेल तर मात्र पाच मिनिटं फार लांब वाटतात. म्हणून आदल्या रात्रीच खिसे, डबा, गाडीची डिकी रिकामी करावी. सुट्टीत सगळे एकत्र बसून खर्रा वाटतात, तिथे पहिले पंधरा दिवस थोडं बाजूला बसावं आणि सोबत्यांना कारण सरळ सांगावं.

तोंडाला चाळा लागतो. त्यासाठी बडीशेप, भाजलेला ओवा, लवंग, वाळवलेला आवळा, फुटाणे चालतात. सुपारी चालत नाही, गोड सुपारीसुद्धा नाही. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे आणि तिची स्वतःची वेगळी सवय लागते. दुसरी चूक घराघरांत दिसते: खर्रा सुटतो, पण सकाळी दाताला नस किंवा गुडाखू घासणं चालूच राहतं. त्यातही तंबाखूच असते. रोज थोडं निकोटीन मिळत राहिलं की तलफ विझतच नाही.

‘खर्रा खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे पुष्कळांच्या बाबतीत खरं असतं, कारण निकोटीन आतड्यांना चालना देतं. ते बंद झाल्यावर आठवडा-दोन आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, शिवाय पपई, रात्री गरज वाटल्यास इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

बिडी सोडणाऱ्यांसाठी चहाची गोष्ट महत्त्वाची आहे. बिडीच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळा न लागणं हे तलफेच्या माथी मारलं जातं, पण निम्मा दोष चहाचा असू शकतो. चहा निम्म्यावर आणावा, दुपारनंतर टाळावा. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, कारण तिचंही रक्तातलं प्रमाण असंच वाढतं. खोकला काही आठवडे वाढला तर घाबरू नये, श्वासनलिका स्वतःला साफ करत असते.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला खर्रा किंवा बिडी लागत असेल, तर नुसत्या निर्धारावर ढकलू नये. निकोटीनचं च्युइंगगम २ आणि ४ मिलिग्रॅमचं येतं. एवढी घट्ट सवय असलेल्याला बहुधा ४ लागतं. ते बहुतेक लोक चुकीचं खातात, खर्र्यासारखं चघळत रस गिळतात. मग उचकी, मळमळ, जळजळ होते आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून गम फेकलं जातं. सावकाश चावावं, तिखटसर झिणझिणी आली की थांबावं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवावं. झिणझिणी गेली की पुन्हा चावावं, जागा बदलावी, असं अर्धा तास. या गममध्येही चुन्याचंच काम करणारा क्षार असतो. चहा, कॉफी, थंड पेय आम्लधर्मी असल्यानं तो निकामी होतो, म्हणून १५ मिनिटं आधीपासून गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये. पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, मग अंतर वाढवत १२ आठवड्यांत बंद.

खर्र्यामुळे जबडा आखडला असेल तर गम चावणं जड जातं, तिथे कातडीला चिकटवायची निकोटीनची पट्टी बरी. दंडावर, कोरड्या कातडीवर लावावी, रोज जागा बदलावी. उन्हात घामानं ती सुटते, म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दहा सेकंद दाबून धरावी. विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढावी. गरोदर बाई किंवा हृदयविकार असलेल्यानं दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. लेकरांच्या हाती काही लागू देऊ नये, वापरलेली पट्टीसुद्धा.

मध्येच एखादा खर्रा खाल्ला गेला तर उरलेली पुडी टाकून द्यावी आणि त्याच घटकेपासून पुन्हा सुरू करावं. उद्यावर ढकललं की आठवडा जातो. पहिला महिना दारू टाळावी, बहुतेकांचा नेम तिथेच मोडतो.

आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघावं. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा वा फोड दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर थेट दंतवैद्याकडे जावं. मन फार खचलं, जगणं नकोसं वाटू लागलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणारी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. हा नंबर बिडीच्या बंडलावर छापलेला असतो, पण खर्र्याच्या पन्नीवर तो नसतो. म्हणून खर्रा खाणाऱ्याच्या फोनमध्ये घरच्यांनी तो आधीच साठवून द्यावा.