‘आपल्या वस्तीत जाऊन काम करा’: एका जुन्या ठरावाची पार्श्वभूमी

गोऱ्या माणसाने वर्णद्वेषावर बोलताना आधी स्वतःच्या विशेषाधिकाराचा हिशेब द्यावा, ही अमेरिकेतली मागणी आपल्याकडच्या बातम्यांत ठळकपणे आली ती २०२० मध्ये. तिचा उगम शोधायला फार मागे जायची गरज नाही. यादवी युद्ध आणि गुलामांची मुक्तता मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिकाच तिथल्या सदाचारी लोकांना आहे. आजच्या वादाचे धागे जुळतात ते १९६४ च्या उन्हाळ्याशी, आणि गोऱ्यांनी संघटना सोडून आपल्या वस्तीत काम करावे या भूमिकेतून १९६६ मध्ये झालेल्या एका ठरावाशी. ही संघटना म्हणजे ‘एसएनसीसी’, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या तरुणांची.

१९६४ मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला सुमारे हजार स्वयंसेवक उतरले. बहुतेक उत्तरेकडच्या कॉलेजांतले गोरे विद्यार्थी होते. जामिनासाठी ५०० डॉलरची तजवीज करून या, अशी सूचना होती. म्हणजे ज्याच्या घरी तेवढी ऐपत त्यालाच जाता येणार, हे आपोआप ठरले. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी त्यांचे शिबिर झाले. तिथे एक माहितीपट दाखवला. त्यात कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवणारा मिसिसिपीचा एक अवाढव्य देहाचा नोंदणी अधिकारी पडद्यावर आला आणि पोरे हसली. संघटनेचे काही कृष्णवर्णीय कार्यकर्ते उठून बाहेर गेले. पोरांना जो विनोदी वाटला, त्याच्यासारख्यांपुढे हे कार्यकर्ते स्वतः उभे राहिलेले होते. मग रात्री उशिरापर्यंत खडाजंगी झाली. विशेषाधिकार म्हणजे काय, हे समजावायला याहून बरा प्रसंग मला तरी माहीत नाही.

२१ जूनला या मोहिमेतले तिघे बेपत्ता झाले: एक स्थानिक कृष्णवर्णीय तरुण आणि न्यूयॉर्कचे दोन गोरे. शोधासाठी नौदलाचे खलाशी दलदलीत उतरले. ४ ऑगस्टला मातीच्या एका बांधाखाली तिघांचे मृतदेह मिळाले. मधल्या काळात नदीतून १९ वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय मुलांचे अवशेष निघाले. ते त्या तिघांपैकी नव्हेत म्हटल्यावर वार्ताहरांची पाठ फिरली. नाहीसा झालेला एकटा कृष्णवर्णीय असता तर कुणी दखलही घेतली नसती, हे जाहीरपणे बोलून दाखवले ते मारल्या गेलेल्या एका गोऱ्या तरुणाच्या पत्नीने. उन्हाळाभर सुमारे १७,००० कृष्णवर्णीयांनी नोंदणीचा प्रयत्न केला, मान्य झाले जेमतेम १,६०० अर्ज.

संघटनेच्या आत वेगळीच कुरबुर होती. शिकलेले गोरे भराभर टाइप करत, पत्रके लिहीत आणि बघता बघता कार्यालयाचा ताबा घेत. गावातला वयस्क शेतमजूर वीस वर्षांच्या गोऱ्या पोरापुढे मान खाली घालून ‘हो साहेब’ म्हणे. तो पटून हो म्हणतो की सवयीने, हे कळायला मार्ग नव्हता. १९६६ मध्ये संघटनेच्याच अटलांटातल्या एका गटाने टिपण लिहून हे मांडले. वर्णद्वेष जिथे आहे तिथे, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीत, गोऱ्यांनी जावे, असे त्यांचे म्हणणे.

डिसेंबर १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात संघटनेची बैठक बसली. जागा एका पायाने टॅप नृत्य करणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकाराच्या रिसॉर्टची. गोऱ्यांना संघटनेत ठेवायचे की नाही, यावर कित्येक दिवस वाद चालला. गोऱ्यांना काढू नका म्हणणाऱ्या मिसिसिपीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीला, जिने कापसाच्या मळ्यात उमर घालवली होती, ती आता आपल्या पातळीवर नाही असे ऐकवले गेले. संघटनेच्या अध्यक्षांचाही हकालपट्टीला विरोध होता. शेवटी मतदान झाले: गोऱ्यांना काढण्याच्या बाजूने १९, विरोधात १८, तटस्थ २४. एका मताने निकाल लागला. याला पुढे ‘गोऱ्यांना हाकलले’ एवढ्याच मथळ्यात गुंडाळले गेले, ते अन्यायाचे आहे. तटस्थांचा आकडा सर्वांत मोठा होता. शिवाय ठरावामागच्या भूमिकेत हाकलण्याइतकेच महत्त्व गोऱ्यांनी आपल्या वस्तीत करायच्या पुढच्या कामगिरीला होते. अर्थात कामगिरी सांगणाऱ्यांनीही ती सोपी ठेवली नाही. मे १९६७ मध्ये एका गोऱ्या जोडप्याने गोऱ्या कामगारांत काम करायचा प्रस्ताव मांडला, पण संघटनेत पूर्ण हक्क राहू द्या म्हटले. नकार मिळाला.

त्यांनी ते काम बाहेर राहून केलेच. १९७१ मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल गावी लाकूडतोड्यांचा संप झाला, त्यात गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र होते. त्याआधी, १९६९ मध्ये, शिकागोच्या अपटाउन भागातल्या गरीब गोऱ्या तरुणांनी तिथल्या कृष्णवर्णीय क्रांतिकारकांशी युती केली होती. त्या पोरांच्या जॅकेटवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा होता. तरी युती झाली.

पुढे रोख बदलला. १९६८ मध्ये दंगलींवरच्या सरकारी आयोगाने गोऱ्यांच्या संस्थांनीच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांची दशा केली, असे नोंदवले. पण अहवाल फडताळात गेला आणि आत्मपरीक्षण प्रशिक्षणवर्गांत. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका गोऱ्या प्राध्यापिकेने स्वतःला रोज फुकट मिळणाऱ्या ४६ सवलतींची यादी केली. ‘कातडीच्या रंगाची’ म्हणून विकली जाणारी मलमपट्टी आपल्या रंगाशी जुळते, ही त्यातलीच एक. यादी प्रामाणिक होती, पण वर्गात वाचून संपणारी होती. २००९ मध्ये गोऱ्यांनी गोऱ्यांतच काम करावे म्हणून एक देशव्यापी जाळे उभे राहिले, त्याचा बोलबाला त्या मानाने कमीच.

२५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली एका कृष्णवर्णीयाचा जीव गेला आणि कंपन्यांनी वर्णद्वेषावर वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकांना पाचारण केले. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांतल्या अशा वर्गांवर बंधने आली, जानेवारी २०२१ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती उठवली, जानेवारी २०२५ मध्ये विविधतेचे उपक्रमच मोडीत काढायचा आदेश निघाला. भांडण झाले ते बहुतांशी वर्गांवर. लॉरेलसारख्या गावात कोण जाणार, याची चर्चा फारशी झाली नाही.