शेतकरी आणि पक्षीमित्र एका बांधावर कसे आले

वन्यजीव वाचवायचे तर जंगलाला हद्द आखायची आणि माणसाला बाहेर काढायचं, अशी समजूत फार काळ होती. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हापासून तोच रस्ता. पण करकोचे, चंडोल, बेडूक शेतातच राहतात. त्यांच्याभोवती हद्द कुठे आखणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात शेतं मोठी झाली, बांधावरची झुडपं गेली, पाणथळ जमिनी कोरड्या केल्या गेल्या. यासाठी सरकारंच अनुदान देत होती. हे सांगायलाच हवं, कारण पुढे दोष मात्र एकट्या शेतकऱ्याच्या माथी आला. इंग्लंडमध्ये १९६९ साली सिल्सो या गावी शेतकरी आणि निसर्ग अभ्यासक एकत्र बसले. तरीही भांडणं मिटली नाहीत. तिथल्याच हॅल्व्हरगेट भागातली ओली कुरणं गव्हासाठी कोरडी करण्यावरून मोठा वाद पेटला. अखेर १९८५ मध्ये कुरण राखणाऱ्याला एकरी ५० पौंड द्यायचं ठरलं. निसर्ग राखणं हेही शेतकऱ्याचं कामच आहे आणि त्याचे पैसे मिळायला हवेत, हे तिथे सरकारने मान्य केलं. पुढच्या कितीतरी योजना त्यातून निघाल्या.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते जपानमधलं तोयोओका हे शहर. १९७१ मध्ये जपानमधला रानातला शेवटचा करकोचा तिथेच मेला. शेतातली विषारी औषधं आणि खाचरांतलं आटलेलं पाणी ही मोठी कारणं. पिंजऱ्यात करकोच्यांची वीण करून घ्यायचे प्रयत्न चालले होते, पण पहिलं यश यायला १९८९ उजाडलं. २००५ मध्ये पाच पक्षी मोकळे सोडले. पण सोडलेला पक्षी खाणार काय? उत्तर भातशेतीतच होतं. भर उन्हाळ्यात खाचरातलं पाणी काढून जमीन तडकू द्यायची, ही तिथली रीत. शेतकऱ्यांनी ते पाणी काही दिवस जास्त ठेवलं, बेडकांच्या पिल्लांना पाय फुटून शेपटी जिरेपर्यंत. औषधं कमी केली किंवा बंदच केली, हिवाळ्यातही खाचरं भरून ठेवली. श्रम वाढले, तण वाढलं, पण त्या तांदळाला भावही जास्त मिळाला. २००७ मध्ये मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांच्या घरट्यातून पिल्लू उडालं.

खरी तडजोड वेळापत्रकाची आहे, असं मला वाटतं. स्कॉटलंडमध्ये कॉर्नक्रेक हा पक्षी गवतात घरटं करतो. तिथे कापणी उशिरा करायची आणि कुरणाच्या मधून सुरू करून कडेकडे यायचं, एवढं पाळलं तरी पिल्लांना पळायला वाट राहते. कडेने कापत आत गेलं, तर ती मधेच कोंडून यंत्राखाली सापडतात.

कॅलिफोर्नियात १९९१ च्या कायद्याने भाताचा पेंढा जाळण्यावर बंधनं आली. तो कुजवायला शेतकरी हिवाळ्यात शेतात पाणी भरू लागले आणि पाणपक्षी आपसूक उतरले. पण परतीच्या प्रवासातले पक्षी येईपर्यंत पेरणीच्या तयारीसाठी पाणी काढलेलं असायचं. २०१४ मध्ये ‘द नेचर कंझर्व्हन्सी’ या निसर्गरक्षण संस्थेने हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून पक्षी कुठे आणि कधी उतरतात ते शोधलं आणि उलटा लिलाव मांडला. आणखी काही आठवडे पाणी ठेवायला किती पैसे घ्याल, ते शेतकऱ्यानेच सांगायचं. जमीन त्याची, पीकही त्याचंच. पक्षी पुढे निघून गेले, की पाणी सोडायचं आणि पेरणीला लागायचं.