पायाला बांधलेली चिठ्ठी

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गर्दी दोनच ठिकाणी असते, ब्ल्यू व्हेलच्या सांगाड्यापाशी आणि इजिप्तच्या ममीपाशी. पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं लोक चालता चालता पाहतात. सुट्टीला आलेला माझा भाचा मात्र नेमका तिथेच अडून बसला. "मावशी, हे मेलेत ना सगळे? मग ठेवलेत कशाला?" बाहेरच्या सेव उसळीचं आमिष दाखवलं तरी हलेना. शेवटी त्याला सिलेमच्या पक्ष्याची गोष्ट सांगितली.

फिलिप्स व्हिसर नावाच्या डच गृहस्थाने १९२९ साली काराकोरमची मोहीम काढली. बायको जेनी सोबत होतीच. पक्ष्यांचं खातं जेरोम सिलेमकडे होतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ही मंडळी अक्साई चीनमधल्या कुश्कू मैदानात पोचली. उंची ५१२५ मीटर. आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर. सहा पावागड एकावर एक रचले तरी त्या मैदानाला टेकणार नाहीत. तिथल्या प्रत्येक श्वासात ऑक्सिजन इथल्या निम्म्याच्या आसपास. झाड औषधालाही नाही, नजर जाईल तिथवर दगडगोटे.

तिथे सिलेमने चिमणीएवढे दोन पक्षी टिपले, एक पूर्ण वाढलेला नर आणि एक त्याच वर्षीचं पिल्लू. ब्रँटचा माउंटन फिंच म्हणून त्यांची नोंद झाली. त्या उंचीवर थव्याथव्याने दिसणारा हा नेहमीचाच पक्षी, त्यामुळे त्या चुकीबद्दल सिलेमला बोल लावावा असं मला वाटत नाही.

अभ्यासासाठी पक्षी राखायची रीत शोभेच्या कपाटापेक्षा निराळी असते. पोटावर चीर देऊन कातडं मोजा उलटावा तसं सोडवतात. आतून मीठ-तुरटीसारखं काहीतरी, आणि त्या काळी सर्रास सोमलाचा साबण चोळत. आत कापूस भरून चीर शिवतात. काचेचे डोळे बसवत नाहीत, खोबणीतून पांढरा कापूसच डोकावतो. पाय एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधायचे आणि त्या दोऱ्याला चिठ्ठी. तारीख, जागा, उंची, कोणी टिपला. नर की मादी हे आतले अवयव पाहून लिहायचं. चोच आणि पाय यांचा रंगही तेव्हाच टिपून ठेवायचा, कारण तो मेल्यावर उतरतो. मग उताणा करून खणात.

आपले दोन पक्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात असेच साठ वर्षं पडून होते. तिथे काम करणाऱ्या रोझेलार यांनी माउंटन फिंचचा खण तपासायला घेतला, तेव्हा हे दोघे रांगेत बसेनात. ब्रँटच्या नराचा चेहरा काळपट असतो, याचं डोकं दालचिनीच्या रंगाचं आणि पाठ साधी राखाडी. पिल्लाच्या अंगावर ठळक रेघोट्या होत्या, ब्रँटच्या पिल्लाला त्या नसतात. १९९२ मध्ये रोझेलारनी माउंटन फिंचचीच एक नवी जात जाहीर केली आणि तिला सिलेमचं नाव दिलं.

आता खरी पंचाईत. जात नवी, पण जगात तिचे पुरावे दोन, तेही कापूस भरलेले. जाऊन पाहावं तर आपल्या नकाशात लडाखमध्ये असलेलं अक्साई चीन चीनच्या ताब्यात. दुर्बीण गळ्यात अडकवून तिथे जाणार कोण? दोनच नमुने म्हटल्यावर शंकाही येणारच: दुसऱ्याच एखाद्या जातीचा वेगळ्या रंगाचा पक्षी नसेल कशावरून?

वीस वर्षांनी, जून २०१२ मध्ये, यान मुझिका हा फ्रेंच माणूस चीनच्या छिंगहाय प्रांतातल्या येन्यूगोऊ खोऱ्यात फिरत होता. रानटी याकांची ही दरी कुश्कू मैदानापासून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेला. तिथे त्याला दालचिनी डोक्याचा एक पक्षी दिसला, आणि त्याने फोटो काढले. सिलेमच्या बंदुकीनंतर ८३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा माणसाच्या नजरेला पडला, तोही जिथे कोणी शोधलाच नव्हता तिथे.

पुढे २०१६ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. जात खरीच वेगळी निघाली, पण माउंटन फिंच नव्हे, रोझफिंच! सर्वांत जवळचा नातलगही तसाच तिबेटच्या पठारावरचा, रोबोरोव्हस्कीचा रोझफिंच. गंमत म्हणजे रोझफिंचच्या नरांच्या अंगावर गुलाल सांडल्यासारखा रंग असतो, आणि या पठ्ठ्याच्या अंगावर गुलाबी म्हणावं असं काहीच नाही. ब्रँटच्या नावाने आलेला, मग माउंटन फिंचांत बसवलेला हा पक्षी तिसऱ्या खेपेला आपल्या घरी पोचला.

चिठ्ठी नसती तर यातलं काय झालं असतं? रोझेलारना वेगळा पक्षी कदाचित दिसलाही असता, पण तो कुठला, किती उंचीवरचा, हे कोणी सांगितलं असतं? विद्यार्थी असताना एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी असेच खण उघडले होते. पक्षी बरे होते, पण चिठ्ठ्यांना कसर लागली होती. एकीवर फक्त "नर" एवढंच उरलं होतं.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा कपाटाच्या काचेला नाक लावलं. आतल्या पाटीवर पक्ष्याचं नाव होतं.

"पण मावशी, हा कुठे सापडला ते कुठे लिहिलंय?"

मी वाकून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.