पार्श्वभूमी : रामेलो, थुरिंगिया आणि ‘सर्वाधिक मते’

बोडो रामेलो जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याचे माजी मुख्यमंत्री, असे वाचले की आपल्याला राजभवन आठवते, पाठिंब्याची पत्रे आठवतात. जर्मन राज्यांना राज्यपाल नसतो. थुरिंगियात मुख्यमंत्री विधानसभाच निवडते, तेही चर्चा न करता आणि गुप्त मतदानाने. कोणत्या आमदाराने कोणाला मत दिले हे पक्षालाही कळत नाही. हे ध्यानात घेतल्याशिवाय रामेलोंची कारकीर्द नीट उलगडत नाही.

त्यांचा जन्म १९५६चा, पश्चिम जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीतला. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिकाऊ उमेदवारी, पुढे दुकाने, बँका आणि विमा कंपन्यांतल्या नोकरदारांच्या संघटनेत पूर्णवेळ काम. पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या वर्षी, १९९०मध्ये, संघटनेच्या कामासाठी ते पूर्वेला थुरिंगियात आले आणि तिथलेच झाले. १९९३मध्ये बिशोफेरोडेच्या पोटॅश खाणीतले कामगार खाण वाचवण्यासाठी उपोषणाला बसले, तेव्हा रामेलो त्यांच्या बाजूने उभे होते. खाण वर्षअखेरीस बंद पडली. डाव्या पक्षात ते आले १९९९मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याच वर्षी आमदार झाले. पूर्वेतल्या या पक्षाचे पश्चिमेतल्या डाव्या गटाशी २००७मध्ये विलीनीकरण झाले. त्याच्या वाटाघाटी त्यांनीच केल्या. अंतर्गत गुप्तचर खाते त्यांच्यावर वर्षानुवर्षे फाइल ठेवून होते. ही पाळत लोकप्रतिनिधीच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे घटनात्मक न्यायालयाने २०१३मध्ये म्हटले.

पुढच्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले, जर्मनीत या पक्षाचे पहिले. ९१ जणांच्या सभागृहात त्यांच्या तीन पक्षांच्या आघाडीकडे नेमके ४६ आमदार होते. पहिल्या फेरीत ४५ मते पडली, म्हणजे घरातलेच एक मत कमी. दुसऱ्या फेरीत ४६ पडली.

तिसरी फेरी झाली असती तर काय, हा वाद तेव्हाच पेटला होता. राज्यघटनेचे सत्तरावे कलम सांगते, की पहिल्या दोन फेऱ्यांत एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत. तेवढी कोणालाच मिळाली नाहीत, तर पुढच्या फेरीत ज्याला ‘सर्वाधिक मते’ मिळतील तो निवडून आला. रिंगणात दोघे असतील तर अर्थ उघड आहे. पण एकच उमेदवार उभा असेल आणि त्याच्या बाजूने ४०, विरोधात ५० मते पडली तर? एका कायदेतज्ज्ञाच्या मते विरोधी मते मोजायचीच नाहीत, कारण घटनेला सरकार हवे आहे, पेच नको. दुसऱ्याच्या मते ज्याला नकारच अधिक मिळाला, त्याला सभागृहाने निवडले असे म्हणणे ही लोकशाहीची थट्टा आहे. मला पहिला अर्थ कलमाच्या शब्दांना अधिक धरून वाटतो. निवाडा मात्र झालाच नाही.

२०१९च्या निवडणुकीत रामेलोंचा पक्ष ३१ टक्के मते घेऊन पहिला आला, पण आघाडी ९० पैकी ४२वर थांबली. उदारमतवादी पक्षाने सभागृहात शिरायला लागणारा पाच टक्के मतांचा उंबरठा अवघ्या ७३ मतांनी ओलांडला आणि त्याचे पाच आमदार आले. याच पाचांच्या नेत्याने ५ फेब्रुवारी २०२०ला फक्त तिसऱ्या फेरीत अर्ज भरला. ‘सर्वाधिक’ या शब्दाने ती वाट मोकळी ठेवली होती. अतिउजव्या पक्षाचा स्वतःचा उमेदवार रिंगणात होता, त्याला शून्य मते पडली. उदारमतवाद्याला ४५, रामेलोंना ४४, एक तटस्थ. त्या ४५मध्ये अतिउजव्यांची मते होती. याच राज्यात १९३०मध्ये नाझींना पहिल्यांदा एका जर्मन राज्याच्या मंत्रिमंडळात जागा मिळाली होती. त्या दुपारी लोकांना जे कापरे भरले ते उगाच नव्हे. अभिनंदनासाठी आणलेला पुष्पगुच्छ डाव्या पक्षाच्या गटनेत्या बाईंनी नव्या मुख्यमंत्र्यांच्या पायाशी टाकला.

दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून जर्मनीच्या सरकारप्रमुख, चान्सलर अँगेला मेर्केल यांनी हा प्रकार अक्षम्य ठरवला आणि निकाल फिरवला पाहिजे असे म्हटले. पदावरून असे बोलून त्यांनी पक्षांच्या समान संधीच्या हक्काचा भंग केला, असा निकाल घटनात्मक न्यायालयाने २०२२मध्ये दिला. नव्या मुख्यमंत्र्यांनी तोवर केव्हाच, तीन दिवसांत, राजीनामा दिला होता. ४ मार्चला तिसऱ्या फेरीत रामेलो एकटेच उभे राहिले. बाजूने ४२, विरोधात २३, तटस्थ २०. होकार जास्त असल्याने कलमाचा पेच पुन्हा सुटायचा राहिला.

मुदतपूर्व निवडणूक ठरली होती. आधी कोरोनाच्या साथीमुळे ती लांबली, मग २०२१च्या उन्हाळ्यात विधानसभा विसर्जित करायला लागणारे दोन तृतीयांश संख्याबळ जमेना, म्हणून ठरावच मागे घेतला गेला. अल्पमतातले सरकार रामेलोंनी पूर्ण मुदत चालवले, प्रत्येक अर्थसंकल्पाला विरोधकांची मनधरणी करत. यासाठी त्यांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

२०२४मध्ये त्यांचा पक्ष १३ टक्क्यांवर घसरला आणि अतिउजवे जवळपास ३३ टक्के घेऊन पहिले आले. रामेलो पुढच्या वर्षी थुरिंगियाची राजधानी एर्फुर्टमधून थेट निवडून संघीय संसदेत गेले आणि तिचे उपसभापती झाले.

थुरिंगियात त्यांच्या जागी जी आघाडी आली, तिच्याकडे ८८ पैकी ४४ आमदार होते, बरोबर निम्मे. त्यामुळे मतदानाआधी ‘सर्वाधिक’च्या अर्थावर पुन्हा खल झाला. १२ डिसेंबर २०२४ला नव्या मुख्यमंत्र्यांना पहिल्याच फेरीत ५१ मते पडली. मतदान गुप्त होते, त्यामुळे वरची सात मते कोणाची याची नोंद सभागृहाच्या इतिवृत्तात नाही.