नटशेल (बेरी सेंट एडमंड्स)

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफक परगण्यात बेरी सेंट एडमंड्स हे बाजारपेठेचे जुने गाव आहे. गावाच्या मध्यभागी, ट्रॅव्हर्स नावाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ‘नटशेल’ हा अगदी छोटा पब १८६७पासून चालू आहे. ब्रिटनमधला सर्वांत लहान पब अशी त्याची नोंद ‘गिनेस बुक’मध्ये झाली आणि परगावचे बहुतेक लोक तेवढ्यासाठीच येतात. बारची खोली सुमारे १५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, म्हणजे १०५ चौरस फुटांची. मुंबईतल्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीपेक्षाही ती लहान भरते. काउंटर, त्यामागच्या बाटल्या, खिडकीलगतचे बाक आणि गिऱ्हाइके हे सगळे त्यातच. एरवी दहा-पंधरा माणसे आली की खोली भरते. १९८४मध्ये मात्र विक्रमासाठी १०२ माणसे आणि एक कुत्रा आत कोंबले गेले होते.

या गावात बिअर नटशेलच्या कितीतरी आधीपासून आहे. पूर्व अँग्लिया या इंग्लंडच्या पूर्वेकडील जुन्या राज्याचा राजा एडमंड ८६९मध्ये डॅनिश आक्रमकांच्या हातून मारला गेला, त्याला संतपद मिळाले आणि त्याच्या समाधीभोवती मोठा मठ उभा राहिला. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, मठाच्या सेवेत असलेल्या लोकांची यादी आहे. तिथे भटारी, शिंपी, धोबिणी आणि चांभार यांच्याबरोबर बिअर गाळणारेही आहेत. मठ १५३९मध्ये बरखास्त झाला, बिअर मात्र टिकली. ग्रीन किंग ही मद्यकंपनी १७९९मध्ये याच गावात सुरू झाली, तिची भट्टी आजही गावात आहे आणि नटशेल तिच्याच मालकीचा आहे. कंपनीच्या मालकीच्या पबात मुख्यत्वे त्याच कंपनीची बिअर मिळते, ही ब्रिटनमधली जुनी पद्धत आहे. इथे तिचा फायदा असा की पेल्यातली बिअर चालत जाता येईल इतक्या जवळून आलेली असते.

इतका लहान पब निघालाच कसा, याचे उत्तर बरेचसे १८३०च्या बिअरहाउस कायद्यात आहे. घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना या कायद्याने मिळू लागला. दंडाधिकाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागेना. देशभर लोकांनी घरातली रस्त्यालगतची खोली मोकळी केली, पिंपे मांडली आणि धंदा सुरू केला. ही मुभा १८६९मध्ये आवळली गेली. नटशेल सुरू झाला तो या काळाच्या अगदी शेवटी. एका खोलीत बिअर विकणे त्या वेळी कुणाला नवलाचे वाटत नव्हते. पुढे बाकीच्या खोल्या बंद झाल्या किंवा शेजारची घरे घेऊन वाढल्या.

आत वर पाहिले की छत दिसतच नाही, कारण ते देशोदेशीच्या नोटांनी झाकलेले आहे. त्याखाली एक वाळलेली, काळी पडलेली मांजर टांगलेली आहे. दुष्ट शक्ती दूर राहाव्यात म्हणून इंग्लंडमध्ये पूर्वी घर बांधताना भिंतीत मेलेली मांजर चिणत असत, आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत अशा मांजरी अनेक ठिकाणी सापडल्या आहेत. या मांजरीला हात लावला तर वाईट होते, अशी स्थानिक समजूत आहे.

पण नटशेलमध्ये पाहण्यासारखी गोष्ट मांजर नाही, तिथली माणसे आहेत. इंग्लिश पबांत एक अलिखित नियम पाळला जातो: टेबलाशी बसलेल्यांना त्यांच्यात राहू द्यायचे, काउंटरपाशी उभ्या असलेल्याशी मात्र ओळख नसतानाही बोलायला हरकत नाही. रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याकडे न पाहणारे इंग्रज काउंटरपाशी हवापाण्यापासून सुरुवात करून सहज बोलू लागतात. नटशेलमध्ये हा नियम वेगळा पाळावाच लागत नाही. सगळी खोलीच काउंटरपाशी आहे. दार उघडले की आतल्या प्रत्येकाला सरकावे लागते, मागचा पेला पुढच्याच्या हातातून जातो आणि कोपऱ्यात तोंड फिरवून बसायला कोपराच उरत नाही. मोठ्या पबात तासभर बसूनही जे घडेल याची खात्री नाही, ते इथे पहिल्या पाच मिनिटांत घडते.

जाणाऱ्याने थोडे रिवाज लक्षात ठेवावेत. वेटर येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचे आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण ती असते: कोण आधी आले हे काउंटरमागच्याला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकांनाही. नोट हलवून किंवा हाक मारून लक्ष वेधणे असभ्य समजतात. चौघे मिळून गेले तर प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचे, याला ‘राउंड’ म्हणतात. आपली पाळी चुकवणाऱ्याला लोक बोलून दाखवत नाहीत, पण विसरतही नाहीत. टिप ठेवायची पद्धत नाही. फार तर काउंटरमागच्याला ‘तुमच्यासाठीही एक घ्या’ म्हणतात. पूर्ण पिंट ५६८ मिलिलिटरचा असतो, अर्धाही मागता येतो आणि त्यात कमीपणा नाही. दारू विकत घेण्याचे वय १८ आहे. नटशेलमध्ये जेवणाची अपेक्षा ठेवू नये.

बिअर मागायची तर हातपंपावरची मागावी. हिला कास्क एल म्हणतात. ती भट्टीतून पूर्ण तयार होऊन येत नाही, पिंपात यीस्ट जिवंत असते आणि शेवटचे आंबणे तिथेच होते. बाहेरून वायू सोडलेला नसतो, म्हणून पंपाचा दांडा ओढून ती वर घ्यावी लागते. ती ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. भारतातल्या थंडगार, फसफसत्या बिअरची सवय असलेल्याला पहिला घोट कोमट आणि सपक वाटेल. घाई करू नये. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा याच तापमानाला कळतो. पिंप एकदा उघडले की काही दिवसांतच संपवावे लागते, त्यामुळे चांगला पेला मिळणे हे पब चालवणाऱ्याच्या निगराणीवर अवलंबून असते. सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही बिअर जवळपास मोडीत काढली होती. १९७१मध्ये स्थापन झालेल्या ‘कामरा’ या ग्राहक संघटनेच्या चळवळीने ती वाचली.

गावाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. त्या दिवशी पबात शिरायला जागा मिळणे कठीण. गप्पांसाठी इतर दिवशीची दुपार बरी. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७पासून पबात धूम्रपानाला बंदी आहे. एवढ्या खोलीत तिचा फरक किती पडला असेल, हे सांगायला नको.

सर्वांत लहान असण्याच्या मानाला आव्हानेही आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लीथॉर्प्स गावी रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनमध्ये थाटलेला ‘सिग्नल बॉक्स इन’ याहून छोटा असल्याचे सांगतो. मात्र गावाच्या मध्यावर, दीडशेहून अधिक वर्षे एकाच खोलीत चाललेला पब म्हणून नटशेलचे महत्त्व त्या मापावर ठरत नाही. ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास उरले आहेत. नटशेलच्या इमारतीला वारसा इमारतींच्या दुसऱ्या श्रेणीचे संरक्षण आहे. शिवाय २०१७पासून इंग्लंडमध्ये कोणताही पब पाडायचा किंवा त्याचे दुकान करायचे तर नियोजन खात्याची परवानगी लागते. त्याआधी बऱ्याच बाबतींत ती लागत नसे.