जुन्या गाड्यांच्या मीटरांचं रिस्टोरेशन

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे स्पीड, पेट्रोल, टेम्परेचर, ऑइल प्रेशर असे काटेवाले मीटर उघडून, दुरुस्त करून ते परत खरं रीडिंग दाखवतील असं करणं म्हणजे मीटर रिस्टोरेशन. इथे मुख्यतः 1950 ते 1970 च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्या धरल्यात, एमजीबी, मॉरिस मायनर, जॅग्वार वगैरे, कारण त्यातले बहुतेक मीटर स्मिथ्सचे. ही कंपनी 1851 साली लंडनमध्ये घड्याळांचं दुकान म्हणून सुरू झाली आणि मीटर उघडला की ते आत दिसतंच, बारीक गिअर, केसासारखी स्प्रिंग. जॅग्वारच्या डायलवर येगर लिहिलेलं असलं तरी आतलं काम स्मिथ्सचंच. आपली अँबॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड आणि कुर्ल्यात बनायची ती पद्मिनी मुळात फियाट, दोन्हींत फिटिंग वेगळं पण तत्त्व बरंचसं हेच.

मीटर बाहेर काढायच्या आधी वायरिंग बघावं, कारण खराब म्हणून काढलेले बरेच मीटर चांगले निघतात. 1960 च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोल आणि टेम्परेचरचे मीटर बायमेटलचे आहेत, म्हणजे आत दोन धातूंची जोडपट्टी, जी करंटने तापली की वाकते (म्हणून चावी फिरवल्यावर काटा हळूहळू चढतो) आणि त्यांना बॅटरीचे 12 व्होल्ट थेट मिळत नाहीत, मध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची छोटी डबी असते जी करंट चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी 10 व्होल्ट देते. या डबीचं अर्थिंग गेलं की पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात आणि टाकी कायम जास्त भरलेली, इंजिन कायम जास्त तापलेलं दिसतं. दोन्ही मीटर एकदम खोटं बोलायला लागले तर आधी डबीच बघायची. एकटा पेट्रोलचाच काटा मेला असेल तर टाकीच्या फ्लोटवरची वायर काढून बॉडीला टेकवायची, काटा फुलकडे सरकायला लागला की लगेच काढायची. सरकला म्हणजे मीटर ठीक, दोष टाकीत.

सगळ्यात मजेदार काम टेम्परेचरच्या जुन्या मेकॅनिकल मीटरचं. सुरुवातीच्या एमजीबीत ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर एकाच गोल डबीत आहेत, दोन्हीकडे वीज नाहीच. इंजिनमध्ये एक बल्ब, त्यात ईथर, तिथून तांब्याची केसासारखी बारीक नळी मीटरपर्यंत, पाणी तापलं की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी पोकळ पट्टी (बूर्दाँ नळी, 1849 चं फ्रेंच पेटंट) सरळ व्हायला बघते, काटा हलतो. नळी कुठे तुटली की ईथर उडून जातो आणि काटा कायमचा खाली. यावर जुगाड असा की एका स्वस्त नव्या मीटरचा बल्ब नळीसकट घ्यायचा, बल्ब बर्फ-मिठात बुडवून ठेवायचा म्हणजे ईथर थंड होऊन बल्बमध्येच बसतो, मग नळी कापून जुन्या मीटरच्या नळीला सोल्डर करायची. ईथर साधारण 35 अंशाला उकळतो आणि भयंकर पेट घेतो, तेव्हा हे बंद खोलीत आणि उघड्या ज्योतीवर करू नये. आणि हे जमतं कारण वाफेचा दाब तापमानावर ठरतो, नळी किती लांब यावर नाही, त्यामुळे कॅलिब्रेशन जवळपास जागेवर राहतं.

स्पीडोमीटरमध्ये गिअरबॉक्समधून येणारी केबल एक मॅग्नेट फिरवते, त्याच्याभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या वाटीला तो न टेकताच ओढतो आणि स्प्रिंग तिला अडवते. काटा थरथरतो तो बहुतेक केबल कोरडी किंवा मुरगळलेली असल्यामुळे. ग्रीस लावावं पण मीटरकडच्या टोकाला नाही, ते वर चढून वाटी चिकट करतं. डायलवर बारीक अक्षरात 1280 वगैरे आकडा असतो, तो एका मैलात केबलचे किती फेरे याचा. गिअरबॉक्स, ॲक्सल किंवा टायर बदललेले असतील तर गाडी 16.1 मीटर सरळ ढकलून फेरे मोजायचे आणि शंभरने गुणायचं, आकडा जुळला नाही तर मीटर कितीही चकाचक करा, स्पीड चुकीचाच दाखवणार.

डायलला मात्र शक्यतो हात लावू नये. पांढरी अक्षरं छापलेली असतात, ओल्या फडक्याने पुसली की निघून येतात, फार तर मऊ ब्रशने धूळ झटकावी. बाजारात नवीन छापलेले डायल मिळतात पण बऱ्याचदा अक्षरांची जाडी चुकलेली असते आणि जाणकाराला ते लांबूनच कळतं, त्यापेक्षा थोडा पिवळट पडलेला ओरिजिनल बरा. काटा, काच, रबर, क्रोमची रिंग हे खुशाल बदला. रिंग स्मिथ्समध्ये बहुतेक फिरवून खाचेतून निघते, दुमडून बसवलेली असेल तर थोडी थोडी उचलत जायचं, घाई केली की चेपलीच. युद्धापूर्वीच्या गाडीत अंधारात चमकणारे आकडे असतील तर खरवडू नका, त्यात रेडियम असू शकतं, चमक गेलेली असली तरी किरणोत्सर्ग तसाच असतो कारण त्याची हाफ-लाइफ 1600 वर्षं.

सुटे मीटर आपल्याकडे मुंबईत चोरबाजार आणि पुण्यात जुना बाजार, नाना पेठ इथे शोधले जातात, त्यातले बरेचसे अँबॅसिडर-पद्मिनीचे. दुसऱ्या गाडीचं स्पीडोमीटर बसवलं तर किलोमीटरचा आकडाही त्याचाच येतो, तेव्हा जुना आकडा आणि बदलाची तारीख गाडीच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, विकताना पहिला प्रश्न तोच येतो.