जपानी घरात पाहुणे म्हणून राहताना पाळायचे नियम आले कुठून?

पुण्यात जपानी शिकणारी मुलं भरपूर, त्यातली काही होमस्टेला जातात आणि निघायच्या आधी नियमांची यादी पाठ करत बसतात, बूट इथे काढायचे, ही स्लिपर तिथे चालत नाही वगैरे. माझं मत असं की यादी पाठ करण्यापेक्षा ते घर कसं घडत गेलं हे कळलं तर निम्मे नियम आपोआप लक्षात राहतात.

सुरुवात जमिनीपासून. जपानचा उन्हाळा दमट, त्याआधी जून-जुलैचा पाऊस, त्यामुळे जमिनीपासून उंच बांधायची पद्धत फार जुनी आहे. भातशेती आली त्या यायोई काळातली धान्याची कोठारं खांबांवर उभी असायची, पुढे सरदार-उमरावांची घरंही उंच लाकडी तळाची झाली. बसायचं-झोपायचं त्याच तळावर, मग बूट खालीच राहणार. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. दारातल्या ज्या खोलगट जागेत बूट काढतात ती गेनकान मात्र झेन पंथाच्या बौद्ध मठांकडून आली, एदो काळात (1603 ते 1868) ती सामुराई घरांची प्रतिष्ठा होती आणि साध्या लोकांच्या घरात सर्रास दिसायला लागली ती त्यापुढच्या मेइजी काळानंतर.

तातामीचंही तसंच. आधी ती फक्त मोठ्या माणसाच्या बसण्याखाली टाकायची चटई होती, मग हळूहळू अख्खी खोली तिने भरली. क्योतोच्या गिंकाकुजी मंदिरात 1486 मधली साडेचार तातामीची, म्हणजे तेवढ्या चटया मावतील एवढी, खोली अजून उभी आहे. अशा खोल्यांमध्ये तोकोनोमा, म्हणजे चित्र आणि फुलं ठेवायचा कोनाडा, पक्का झाला आणि त्याच्या जवळची जागा मानाची ठरली. पाहुण्याला तिथेच बसवतात, थोडे आढेवेढे घेऊन बसावं.

आता स्लिपर. सगळ्यांना ही सगळ्यात जपानी गोष्ट वाटते पण खरं तर ती बरीच अलीकडची आहे. 1859 ला योकोहामा बंदर उघडलं, परदेशी लोक आले आणि बूट घालून थेट तातामीवर चालायला लागले, तेव्हा तोकियोतल्या तोकुनो रिसाबुरो नावाच्या शिंप्याने बुटांवरूनच चढवायची स्लिपर बनवली असं सांगतात. 1955 मध्ये सरकारी गृहनिर्माण महामंडळ निघालं, फ्लॅट आले, त्यात जेवणाची जागा लाकडी फरशीची, आणि स्लिपर घरोघरी पोचली. तातामीवर ती आजही चालत नाही. संडासाची स्लिपर वेगळी, कारण जुन्या घरांत तो भाग बहुतेक बाजूला किंवा बाहेरच असायचा आणि तिथलं पादत्राण घरात आणायचा प्रश्नच नव्हता.

सगळ्यात जास्त गोंधळ आंघोळीचा होतो, आणि मला स्वतःला हाच इतिहास सगळ्यात आवडतो. बौद्ध धर्माबरोबर मठांमध्ये स्नानगृहं आली, लोकांना आंघोळ घालणं हे पुण्याचं काम मानलं जायचं, नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात असं स्नानगृह आजही आहे. जुनी स्नानं बरीचशी वाफेची होती, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायची पद्धत एदो काळात रुळत गेली. शहरात बहुतेक लोक सार्वजनिक स्नानगृहात जायचे कारण घरी पाणी तापवायचं तर सरपण लागणार, आणि दाटीवाटीच्या लाकडी घरांत आगीची भीती होतीच. ज्यांच्या घरी टब होता तिथे एकदा तापवलेलं पाणी सगळ्या कुटुंबाने वापरायचं. नियम सगळे यातूनच आलेत. टबच्या बाहेर बसून साबण लावून स्वच्छ धुवायचं, मग नुसतं शेकायला आत उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पहिलं ताजं पाणी पाहुण्याला, हा मोठा मान आहे, संकोच करून तो टाळू नका. आणि बाहेर आल्यावर बूच अजिबात काढू नका, झाकण लावून ठेवा, आता गॅस आला, बटण दाबलं की पाणी तापतं, तरी घरच्यांची आंघोळ अजून व्हायची असते आणि कित्येक घरांत दुसऱ्या दिवशी तेच पाणी वॉशिंग मशीनला जातं.